पक्षाघात, घड्याळ आणि मेंदूची प्रतिमा

मेंदूकडे जाणारी एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्यास किंवा मेंदूतीलच रक्तवाहिनी फुटल्यास जो विकार अकस्मात उद्भवतो त्याला पक्षाघात म्हणतात. लोकव्यवहारात तोच अर्धांगवायू किंवा लकवा या नावांनी ओळखला जातो. या विकारातील मोठी अडचण अशी, की त्याची ही दोन कारणे परस्परविरुद्ध असूनही रुग्णाच्या शरीरावर दिसणारी लक्षणे बहुतेक वेळा सारखीच असतात. तोंड एका बाजूस वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे गुठळीनेही येतात आणि रक्तस्रावानेही येतात. उपचार मात्र अगदी उलट असतो; गुठळी असेल तर ती विरघळवणारे औषध शक्य तितक्या लवकर द्यावे लागते, आणि तेच औषध रक्तस्राव झालेल्या रुग्णाला दिले तर त्याच्या जिवावर बेतते. कितीही अनुभवी वैद्य असला तरी केवळ नाडी, रक्तदाब आणि हातापायांची शक्ती तपासून त्याला हा भेद खात्रीने करता येत नाही. कवटीच्या आत काय घडले आहे हे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून पक्षाघाताचा उपचार सुरूच करता येत नाही, आणि म्हणून प्रतिमांकनशास्त्रातील प्रत्येक प्रगतीचा परिणाम या विकाराच्या रुग्णांवर फार लवकर आणि फार खोलवर झालेला आहे.

क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला, तरी त्यानंतरची जवळजवळ पाऊणशे वर्षे मेंदू डॉक्टरांच्या दृष्टीआडच राहिला, कारण साध्या क्ष-किरण चित्रात कवटीचे हाड स्पष्ट उमटते, पण आतील मऊ ऊती, म्हणजे पेशींच्या समूहांनी बनलेला मेंदू, दिसत नाही. अमेरिकेतील शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांत हवा भरून त्यांचा आकार क्ष-किरण चित्रात पकडण्याची रीत काढली, तर लिस्बन येथील एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मानेतील धमनीत क्ष-किरण अडवणारे द्रव्य टोचून मेंदूतील रक्तवाहिन्यांचे जाळे प्रथम दाखवले. दोन्ही रीती वेदनादायक होत्या, जोखमीच्या होत्या, आणि मेंदूचे दर्शन त्यांतून आडवाटेनेच घडत असे.

ही स्थिती बदलली ती लंडनमधील विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात, १ ऑक्टोबर १९७१ रोजी. ईएमआय या ध्वनिमुद्रण आणि इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातील ब्रिटिश कंपनीत काम करणारे अभियंता गॉडफ्री हौन्सफील्ड यांनी तयार केलेल्या यंत्रावर, तेथील क्ष-किरणतज्ज्ञ जेम्स ॲम्ब्रोज यांच्या सहकार्याने, मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या एका स्त्रीची तपासणी झाली आणि प्रतिमेत गाठ प्रत्यक्ष दिसली. हौन्सफील्ड यांची कल्पना मुळात गणिती होती. एखाद्या वस्तूतून अनेक दिशांनी क्ष-किरण सोडले आणि प्रत्येक दिशेने किती किरण शोषले गेले याची नोंद घेतली, तर त्या सर्व नोंदींवरून वस्तूच्या आतील प्रत्येक बिंदूची घनता संगणकाला काढता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. प्रयोगशाळेतील आरंभीच्या यंत्राला एका छेदाची मोजमापे घेण्यास नऊ दिवस लागत. रुग्णालयातील पहिल्या यंत्राने तेच काम काही मिनिटांवर आणले, आणि आज याच तंत्राने होणारा संपूर्ण डोक्याचा सीटी स्कॅन काही सेकंदांत पूर्ण होतो. या गणिताचा पाया स्वतंत्रपणे घालणारे ॲलन कॉरमॅक आणि हौन्सफील्ड यांना १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. घनता मोजण्याच्या एककाला हौन्सफील्ड यांचेच नाव आहे. त्या मापपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे हजार आणि मेंदूची ऊती साधारण पंचवीस ते चाळीस अशी मोजली जाते. ताजे साकळलेले रक्त त्याहून बरेच वर असल्याने ते प्रतिमेत पांढरेशुभ्र उठून दिसते. पक्षाघात रक्तस्रावाने झाला आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने काही क्षणांत मिळू लागले.

गुठळीने होणाऱ्या पक्षाघाताबाबत मात्र सीटी स्कॅन बराच काळ जवळजवळ मुका राहिला. रक्तपुरवठा तुटलेला मेंदूचा भाग पहिल्या काही तासांत घनतेने फारसा बदलत नाही, त्यामुळे अनुभवी डोळ्यालाही त्या प्रतिमेत फार तर पुसट फरक जाणवतो. अमेरिकेत झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६२४ रुग्णांच्या चाचणीने अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत दिल्यास तीन महिन्यांनंतर अपंगत्व फारसे न उरण्याची शक्यता किमान तीस टक्क्यांनी वाढते, हे सिद्ध केले. त्याच चाचणीत औषध घेतलेल्या रुग्णांपैकी ६.४ टक्के रुग्णांच्या मेंदूत लक्षणे वाढवणारा रक्तस्राव झाला, तर औषध न घेतलेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होते. लाभ मोठा, पण जोखीमही खरी, आणि काळ जाईल तसा लाभ घटत जाऊन जोखीम वाढत जाणारी; म्हणून घड्याळाचा नियम कडक झाला. युरोपातील चाचणीने २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. या सर्व काळात प्रतिमेचे काम एवढेच होते, की रक्तस्राव नाही याची ग्वाही द्यायची. पुढचा निर्णय घड्याळ करीत असे.

घड्याळाच्या नियमामुळे असंख्य रुग्ण वाचले, आणि तरीही त्यात एक मोठा अन्याय दडलेला होता. पक्षाघाताच्या साधारण दर पाच रुग्णांपैकी एकाला तो झोपेत होतो; असा मनुष्य सकाळी उठतो तेव्हा त्याचा हात हलत नसतो, पण हे मध्यरात्री घडले की जागे होण्याच्या पाच मिनिटे आधी, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि नियमानुसार त्याचे घड्याळ तो झोपला त्या क्षणापासून सुरू होते. दुसरे असे, की सर्वांचे मेंदू एकाच वेगाने मरत नाहीत. मोठी धमनी बंद झाल्यास सरासरीने दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशोब अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला आणि तो जगभर उद्धृत झाला, परंतु ती सरासरी आहे. मुख्य कालवा बुजला तरी शेजारच्या चाऱ्यांतून थोडेफार पाणी शेतात पोहोचत राहावे, तसे मेंदूच्या पृष्ठभागावरील लहान रक्तवाहिन्यांच्या परस्पर जोडण्यांतून बंद धमनीच्या प्रदेशाला काही रक्त मिळत राहते. ज्यांच्या या जोडण्या समृद्ध असतात त्यांचा मेंदू बारा तासांनंतरही बऱ्याच अंशी जिवंत असू शकतो, तर ज्यांच्या जोडण्या तोकड्या असतात त्यांचे तासाभरातच भरून न येणारे नुकसान होते.

हा भेद का पडतो याचे शास्त्रीय उत्तर प्रतिमांकनाला तो दाखवता येण्याच्या आधीच, प्राण्यांवरील प्रयोगांतून, मिळाले होते. मेंदूच्या शंभर ग्रॅम ऊतीला दर मिनिटाला साधारण पन्नास मिलिलिटर रक्त मिळत असते. जेन्स ॲस्ट्रप, लिंडसे सायमन आणि बो सीस्यो या संशोधकांनी १९७० च्या दशकापासून केलेल्या कामातून असे दिसून आले, की हा पुरवठा वीस मिलिलिटरच्या आसपास घसरला की पेशींचे विद्युत्कार्य थांबते, म्हणजे रुग्णाचा हात लुळा पडतो किंवा वाचा जाते, पण पेशी मरत नाहीत. पुरवठा दहाच्या आसपास येतो तेव्हाच पेशीच्या आवरणावरील क्षारांचे पंप बंद पडून तिचा मृत्यू ओढवतो. या दोन पातळ्यांच्या मधला प्रदेश मूक असतो, पण जिवंत असतो, आणि रक्तपुरवठा वेळेत पूर्ववत झाला तर तो पुन्हा कामाला लागतो. संशोधकांनी या प्रदेशाला ग्रहणातील उपच्छायेचे नाव दिले. पक्षाघाताचा सगळा उपचार या उपच्छाया-प्रदेशासाठीच असतो, कारण ज्यातील पेशी मेल्या तो भाग, म्हणजे गाभा, परत आणता येत नाही. अडचण इतकीच होती, की जिवंत रुग्णाच्या मेंदूत गाभा कोठे संपतो आणि उपच्छाया कोठे सुरू होते, हे दाखवणारे साधन हाताशी नव्हते.

ते साधन एमआरआय तंत्रातून आले. या तंत्रात क्ष-किरण वापरत नाहीत. शरीरातील पाण्याच्या रेणूंमधील हायड्रोजनची अणुकेंद्रे प्रबळ चुंबकीय क्षेत्रात विशिष्ट दिशा धरतात, रेडिओलहरींनी त्यांना क्षणभर विचलित केले की पूर्वस्थितीला येताना ती मंद संकेत देतात, आणि त्या संकेतांवरून प्रतिमा रचली जाते. रुग्णालयांत सर्रास आढळणाऱ्या १.५ टेस्ला क्षमतेच्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून सुमारे तीस हजार पट प्रबळ असते. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये या तत्त्वावर पहिली प्रतिमा मिळवली, पीटर मॅन्सफील्ड यांनी ती अतिशय वेगाने मिळवण्याची गणिती रीत काढली, आणि दोघांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पक्षाघाताच्या दृष्टीने निर्णायक ठरलेले पाऊल मात्र फ्रान्समधील देनी ल बिहान यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास टाकले.

पाण्याचे रेणू कधीच स्थिर नसतात. उष्णतेमुळे ते सतत इकडेतिकडे भरकटत असतात, आणि या भरकटण्याला विसरण म्हणतात. चुंबकीय क्षेत्रात एक छोटा उतार निर्माण करून प्रत्येक रेणूच्या संकेतावर त्याच्या जागेची खूण उमटवता येते, आणि क्षणभराने नेमका उलटा उतार देऊन ती खूण पुसताही येते. दरम्यान रेणू जागचा हलला नसेल तर खूण पूर्ण पुसली जाते आणि त्याचा संकेत शाबूत राहतो. हलला असेल तर हिशोब जुळत नाही आणि संकेत क्षीण होतो. म्हणजे जेथे पाणी मोकळेपणाने फिरते तो भाग अशा प्रतिमेत काळसर दिसतो आणि जेथे ते अडकून पडले आहे तो भाग उजळतो. आता रक्तपुरवठा तुटलेल्या पेशीत काय होते ते पाहावे. इंधनाअभावी तिचे पंप थांबतात, क्षार आत शिरतात, त्यांच्यामागोमाग पाणी शिरते, पेशी फुगते, आणि पेशींच्या दाटीत सापडलेल्या पाण्याचे विसरण तीस ते पन्नास टक्क्यांनी मंदावते. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल मोझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांजरांवरील प्रयोगांत दाखवून दिले, की धमनी बंद केल्यापासून पाऊण तासाच्या आतच विसरण-प्रतिमेत तो भाग उजळून दिसतो, आणि त्या वेळी एमआरआयच्या नेहमीच्या प्रतिमांत काहीही दिसत नसते. पुढील काही वर्षांत हेच मनुष्यांतही सिद्ध झाले. पाण्याच्या रेणूंच्या यादृच्छिक हालचालींसारख्या, केवळ भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत शोभणाऱ्या विषयातून मेंदूच्या मृत्यूचा इतका लवकर पुरावा मिळावा, ही विसाव्या शतकातील वैद्यकाची एक अत्यंत सुंदर घटना मानली पाहिजे. 

विसरण-प्रतिमेने गाभा दाखवला. उपच्छाया दाखवण्यासाठी त्याच्या जोडीला रक्तप्रवाहाचे मापन लागते. शिरेतून टोचलेले द्रव्य मेंदूच्या प्रत्येक भागात किती उशिरा पोहोचते, हे लागोपाठ प्रतिमा घेऊन मोजले जाते, आणि हे मापन एमआरआयप्रमाणे सीटी यंत्रावरही करता येते. ज्या प्रदेशात रक्त फार उशिरा पोहोचते तो सगळा संकटात आहे असे मानून त्यातून मेलेला गाभा वजा केला, की जो उरतो तो वाचवण्याजोगा मेंदू.

या वजाबाकीचा उपयोग ठरवण्याआधी संशोधकांना एक कटू अनुभव पचवावा लागला. जांघेतील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढण्याच्या उपचाराच्या ज्या चाचण्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झाल्या त्या अपयशी ठरल्या. साधने जुनी होती हे एक कारण होतेच, पण मोठी धमनी खरोखर बंद आहे हे प्रतिमेने आधी सिद्ध न करताच अनेक रुग्णांना चाचणीत घेतले गेले होते, हे तितकेच मोठे कारण होते. नेदरलँड्समधील चाचणीने ही चूक टाळली. प्रत्येक रुग्णाच्या रक्तवाहिन्यांची प्रतिमा घेऊन अडथळा दिसल्यावरच त्याला निवडले, आणि तीन महिन्यांनंतर स्वावलंबी झालेल्या रुग्णांचे प्रमाण १९ टक्क्यांवरून सुमारे ३३ टक्क्यांवर गेले. २०१५ मध्ये अशा पाच चाचण्यांचे निष्कर्ष एकाच दिशेने आले. त्यानंतर २०१८ मध्ये ‘डॉन’ आणि ‘डिफ्यूज-३’ या चाचण्यांनी घड्याळाची मर्यादाच ओलांडली. डॉनमध्ये सहा ते चोवीस तास उलटलेले, पण गाभा लहान आणि लक्षणे मोठी असलेले रुग्ण निवडले होते. गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के स्वावलंबी झाले, तर केवळ औषधोपचार झालेल्यांपैकी १३ टक्के. डिफ्यूज-३ मध्ये सहा ते सोळा तासांच्या रुग्णांत हेच प्रमाण ४५ आणि १७ टक्के होते. त्याच वर्षी युरोपातील ‘वेक-अप’ चाचणीने झोपेतून पक्षाघातासह उठणाऱ्यांचा प्रश्न सोडवला. विसरण-प्रतिमेत दिसणारी इजा एमआरआयच्या दुसऱ्या एका प्रकारच्या प्रतिमेत उमटायला साधारण साडेचार तास लागतात. म्हणून पहिल्या प्रतिमेत इजा दिसत असेल आणि दुसरीत अजून दिसत नसेल, तर ती ताजी आहे असे समजून अल्टेप्लेज दिले गेले, आणि चांगली प्रकृती परत मिळवणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४२ वरून ५३ टक्क्यांवर गेले.

येथे एक सावधगिरीही नोंदवली पाहिजे. प्रतिमा उपचाराचे दार उघडते, तशी ती बंदही करू शकते. गाभा मोठा दिसला की आता काही उपयोग नाही असे म्हणून रुग्णाला परत पाठवण्याची रीत काही वर्षे रुळली होती. जपानमधील २०२२ च्या चाचणीने आणि २०२३ मध्ये अमेरिका, चीन व युरोपातून आलेल्या चाचण्यांनी ती रीत चुकीची ठरवली. मोठा गाभा असलेल्या २०३ रुग्णांच्या जपानी चाचणीत गुठळी काढल्यावर किमान आधाराशिवाय चालण्याइतकी सुधारणा ३१ टक्के रुग्णांत झाली, तर न काढलेल्यांत सुमारे १३ टक्क्यांत. गाभा दाखवणारा प्रतिमेतील रंगीत नकाशा हे संगणकाने काढलेले अनुमान असते, मृत्यूचा दाखला नसतो, हे प्रत्येक उपचारकर्त्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. उलट बाजूनेही गैरसमज होऊ शकतो. चोवीस तासांची मुदत मिळाली म्हणून घाई करण्याचे कारण राहिले नाही, असा अर्थ कोणी काढला तर तो घातक ठरेल, कारण उशिरा उपचार मिळूनही बरे झालेले रुग्ण हे ज्यांच्या पर्यायी रक्तवाहिन्या समृद्ध होत्या असे निवडक रुग्ण होते. आपण त्यांपैकी आहोत की नाही हे कोणालाही आधी ठाऊक नसते.

भारतात प्रश्न अतिसूक्ष्म नकाशांचा कमी आणि साध्या सीटी स्कॅनपर्यंत वेळेत पोहोचण्याचा अधिक आहे, आणि संशोधनाचा एक प्रवाह आता त्या दिशेने वळला आहे ही समाधानाची गोष्ट होय. जर्मनीतील होम्बुर्ग येथे क्लाउस फासबेंडर यांच्या गटाने रुग्णवाहिकेतच सीटी यंत्र बसवून रुग्णाच्या दारापर्यंत नेले, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत बोलावणे आल्यापासून उपचाराचा निर्णय होईपर्यंतचा वेळ ७६ मिनिटांवरून ३५ मिनिटांवर आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अशी फिरती सेवा आसाममधील दिब्रुगड येथे चालवून पाहिली आहे. हिमाचल प्रदेशात मेंदूविकारतज्ज्ञ नसलेल्या जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टरांनी सीटी प्रतिमा भ्रमणध्वनीवरून दूरच्या तज्ज्ञांना दाखवून गुठळी विरघळवणारे औषध दिले. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीतील संशोधकांनी भारतातील सुमारे वीस केंद्रांतून जमवलेल्या तीन लाखांहून अधिक सीटी प्रतिमांच्या आधारे रक्तस्राव, कवटीचे अस्थिभंग आणि मेंदूचा मध्य सरकणे ओळखणारी संगणकप्रणाली घडवली, आणि तिचे मूल्यमापन २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रात्री-अपरात्री क्ष-किरणतज्ज्ञ उपलब्ध नसलेल्या तालुक्याच्या ठिकाणी अशी प्रणाली अहवालाची जागा घेऊ शकत नाही, पण शेकडो प्रतिमांतून धोक्याची प्रतिमा वर काढून दाखवू शकते, आणि तेवढ्यानेही मोलाची मिनिटे वाचतात. अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळालेले, रुग्णाच्या खाटेशेजारी ढकलत नेता येणारे ०.०६४ टेस्ला क्षमतेचे एमआरआय यंत्र याच विचारातून आले आहे. त्याची प्रतिमा मोठ्या यंत्राइतकी रेखीव नसते, पण त्याला खास खोली लागत नाही.

या सर्व संशोधनाचा लाभ रुग्णाला मिळणे त्याच्या घरच्यांवर अवलंबून असते. चेहरा वाकडा होणे, हात उचलता न येणे किंवा बोलणे अस्पष्ट होणे यांपैकी एकही लक्षण अचानक दिसले तर, ते थोड्या वेळाने नाहीसे झाले तरीही, १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. मालिश करण्यात किंवा गावठी औषधाच्या शोधात वेळ दवडू नये. तोंडावाटे अन्न, पाणी किंवा ॲस्पिरिनची गोळी देऊ नये, कारण रक्तस्राव आहे की नाही हे प्रतिमेवाचून कळत नाही आणि गिळण्याची क्रियाही बिघडलेली असू शकते. रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ आणि तो घेत असलेल्या औषधांची नावे, विशेषतः रक्त पातळ करणारी, डॉक्टरांना सांगावीत. सीटी स्कॅनची सोय चोवीस तास असलेले आपल्या घरापासून सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे प्रत्येक कुटुंबाने आजच विचारून ठेवावे.